सुबारू डब्ल्यूआरएक्स: ट्रिमची तुलना कशी करावी आणि किंमत कशी वाचावी

सुबारू या जपानी कंपनीची डब्ल्यूआरएक्स ही सेडान मोटार अमेरिकेत एकाच नावाने विकली जात असली तरी डीलरच्या आवारात ती चार-पाच वेगवेगळ्या ट्रिममध्ये, म्हणजे कमी-जास्त सोयींच्या आवृत्त्यांमध्ये, उभी असते, आणि सर्वात स्वस्त व सर्वात महाग ट्रिममध्ये दहा ते तेरा हजार डॉलरचे अंतर पडते. बाहेरून या गाड्या जवळपास सारख्याच दिसतात. हे अंतर कशाचे आहे, त्यातले किती आपल्या उपयोगाचे आहे आणि कागदावरची किंमत प्रत्यक्ष खिशातून जाईपर्यंत किती वाढते, हे पहिल्यांदाच नवी गाडी घेणाऱ्याला समजावे यासाठी हा लेख आहे. ज्या क्रमाने निर्णय घेतल्यास कमी फसगत होते, तोच क्रम येथे ठेवला आहे.

१. आधी सर्व ट्रिममध्ये समान काय आहे ते पाहावे

ही गाडी जपानमध्ये १९९२ साली सुबारूच्याच इम्प्रेझा या गाडीची वेगवान आवृत्ती म्हणून आली आणि अमेरिकेत २००२ च्या मॉडेलपासून विकली जाऊ लागली. सध्याची पिढी २०२२ च्या मॉडेल वर्षापासूनची आहे. तिच्यात २.४ लिटरचे टर्बो बसवलेले बॉक्सर इंजिन आहे, ज्याचे सिलिंडर उभे नसून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आडवे असतात. त्याची ताकद २७१ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, २५८ पाउंड-फूट आहे. चारही चाकांना ताकद देणारी व्यवस्था, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह, सर्व ट्रिममध्ये आहे.

संपूर्ण तुलनेचा पाया येथेच आहे. पुष्कळ युरोपीय गाड्यांत वरची ट्रिम घेतली की मोठे इंजिन मिळते. डब्ल्यूआरएक्समध्ये तसे होत नाही. सर्वात स्वस्त गाडीचे इंजिन आणि सर्वात महाग गाडीचे इंजिन एकच आहे. त्यामुळे जास्त पैसे मोजून सरळ रस्त्यावरचा वेग विकत मिळत नाही. मिळतात ती आसने, डॅशबोर्डवरचे पडदे (स्क्रीन), शॉक अॅब्सॉर्बर, ब्रेक आणि चाके. कोणी विक्रेता वरच्या ट्रिमचे वर्णन करताना जास्त ताकदीचा भास निर्माण करू लागला, तर त्याला अश्वशक्तीचा आकडा शांतपणे विचारावा.

२. गिअरबॉक्सचा निर्णय सर्वात आधी घ्यावा

बहुतेक लोक आधी ट्रिम पाहतात आणि गिअरबॉक्सचा विचार शेवटी करतात. या गाडीच्या बाबतीत तो क्रम उलटा करावा, कारण गिअरबॉक्स ठरला की ट्रिमची निम्मी यादी आपोआप गळून पडते. डब्ल्यूआरएक्स सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळते किंवा कंपनी ज्याला सुबारू परफॉर्मन्स ट्रान्समिशन म्हणते त्या सीव्हीटी या स्वयंचलित, क्लच दाबावा न लागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये मिळते. जीटी ही ट्रिम फक्त सीव्हीटीमध्ये येते. टीआर आणि टीएस या दोन्ही फक्त मॅन्युअलमध्ये येतात. क्लच दाबून गाडी चालवण्याची सवय किंवा इच्छा नसेल, तर टीआर आणि टीएस यांची माहितीपत्रके वाचण्यात वेळ घालवण्याचे कारणच उरत नाही.

गिअरबॉक्स बदलला की चारही चाकांना ताकद वाटून देणारी यंत्रणासुद्धा बदलते, आणि ही बाब माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असल्याने अनेकांच्या नजरेतून सुटते. मॅन्युअल गाडीत मधल्या डिफरेन्शियलवर, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, व्हिस्कस कपलिंग असते आणि ताकद पुढच्या व मागच्या चाकांत निम्मी-निम्मी वाटली जाते. पुढची किंवा मागची चाके घसरू लागली की कपलिंगमधील दाट द्रव त्यांचा वेग जुळवून आणतो. सीव्हीटी गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा क्लच असलेले डिफरेन्शियल असते आणि मुळातली वाटणी ४५ टक्के पुढे व ५५ टक्के मागे अशी असते. म्हणजे वळणावर गाडीचा मागचा भाग थोडा अधिक काम करतो. दैनंदिन वापरात हा फरक जाणवेलच असे नाही, परंतु सीव्हीटी म्हणजे सर्व बाबतींत दुय्यम गाडी, हा समज त्यामुळे अर्धवट ठरतो.

इंधनाच्या बाबतीत मात्र सीव्हीटीकडून काही वाचेल अशी आशा धरू नये. २०२२ च्या मॅन्युअल गाडीसाठी अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेचा आकडा शहरात गॅलनला १९ मैल, महामार्गावर २६ आणि सरासरी २२ होता. सीव्हीटीचा आकडा याहून किंचित कमीच होता. शिवाय सुबारू या इंजिनासाठी ९१ ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल सुचवते. वर्षाला १२,००० मैल गाडी चालली तर सुमारे ५४५ गॅलन पेट्रोल लागेल, आणि साध्या व प्रीमियम पेट्रोलमध्ये गॅलनमागे पाऊण डॉलरचा फरक धरला तर वर्षाला चारशे डॉलर जास्त जातील. हा खर्च कोणत्याही ट्रिमने टळत नाही, म्हणून तो तुलनेत धरायचा नसून एकूण अंदाजपत्रकात धरायचा आहे.

३. ट्रिम एकापुढे एक मांडून पायरीचा भाव काढावा

सर्व ट्रिमचे सर्व गुण एकाच तक्त्यात मांडले की डोळे थकतात आणि शेवटी माणूस मधली कोणती तरी गाडी निवडून मोकळा होतो. त्यापेक्षा प्रत्येक ट्रिम तिच्या खालच्या ट्रिमपेक्षा किती डॉलरने महाग आहे आणि तेवढ्या पैशांत नेमके काय वाढले, एवढेच लिहावे. याला पायरीचा भाव म्हणू.

सध्याच्या पिढीच्या पहिल्या वर्षाचे, २०२२ चे, उदाहरण घेऊ. बेस ट्रिमची कंपनीने सुचवलेली किंमत, म्हणजे एमएसआरपी, २९,१०५ डॉलर होती आणि प्रीमियमची ३१,६०५ डॉलर. पायरीचा भाव झाला २,५०० डॉलर. तेवढ्या पैशांत १७ इंची चाकांऐवजी १८ इंची चाके, सात-सात इंचांच्या दोन पडद्यांऐवजी ११.६ इंचांचा एक उभा मोठा पडदा, चालक व शेजारच्या प्रवाशासाठी स्वतंत्र तापमान ठेवणारा एसी, पुढची गरम होणारी आसने, खिशातून किल्ली न काढता दार उघडण्याची सोय आणि एलईडी फॉग लाइट एवढे वाढत होते. कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्याला यातील गरम आसने एकटीच बरीचशी रक्कम वसूल करून देतात. माझ्या मते संपूर्ण यादीत पैशाचा सर्वात चोख मोबदला याच पायरीवर मिळतो, आणि ज्याला गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी हवी आहे त्याने येथून वर जाण्यापूर्वी स्वतःला ठोस कारण विचारावे.

प्रीमियमच्या वरच्या लिमिटेडमध्ये अल्ट्रास्वेडची (मऊ चामड्यासारख्या कृत्रिम कापडाची) आसने, चालकाचे दहा दिशांनी विजेवर हलणारे आसन, सनरूफ, हार्मन कार्डनची अकरा स्पीकरची ध्वनियंत्रणा, नेव्हिगेशन आणि स्टिअरिंग वळेल तसे वळणारे हेडलाइट मिळत होते. ही यादी ऐकायला भारदस्त आहे, पण नीट पाहिले तर हेडलाइट सोडता तिच्यात गाडी चालवण्याशी संबंधित फारसे काही नाही. नेव्हिगेशन तर फोनवरून पडद्यावर आणता येते. रात्री दिवे नसलेल्या वळणाच्या रस्त्यांवर नेहमी जाणाऱ्याला वळणारे हेडलाइट खरोखर मोलाचे वाटतील. इतरांसाठी लिमिटेड ही आरामाची ट्रिम आहे, आणि ती त्याच दृष्टीने तपासावी.

जीटीची २०२२ मधील एमएसआरपी ४१,८९५ डॉलर होती, म्हणजे बेसपेक्षा १२,७९० डॉलर जास्त. तिच्यात रेकारो कंपनीची आसने आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉक अॅब्सॉर्बर मिळत. हे शॉक अॅब्सॉर्बर चालकाला हवे तसे मऊ किंवा कडक करता येतात, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडी अंग मोडून काढत नाही आणि मोकळ्या वळणांवर ती डुलतही नाही. पण त्या वर्षी सर्वात महाग असलेल्या या ट्रिममध्ये ब्रेक मात्र खालच्या ट्रिमसारखेच होते. सर्वात महाग ट्रिम ही सर्वात स्पोर्टी असलीच पाहिजे असा नियम नाही, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

ही उणीव भरून काढणारी टीआर २०२४ साली आली. तिच्यात पुढे सहा पिस्टनचे आणि मागे दोन पिस्टनचे ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक, १९ इंची चाके, रेकारो आसने आणि कडक केलेले सस्पेन्शन आहे. सनरूफ मात्र मुद्दाम काढून टाकले आहे, त्यामुळे उंच माणसाच्या डोक्यावर थोडी अधिक जागा राहते. पुढे २०२५ मध्ये आलेल्या टीएसने ब्रेम्बो ब्रेक आणि जीटीचे इलेक्ट्रॉनिक शॉक अॅब्सॉर्बर या दोन्ही गोष्टी मॅन्युअल गिअरबॉक्ससह एकत्र आणल्या. मॅन्युअल हवी, पण रोजच्या रस्त्यावर थोडा मऊपणाही हवा, असे म्हणणाऱ्यासाठी तोपर्यंत या यादीत काहीच नव्हते.

४. मॉडेल वर्ष आणि ट्रिम यांची जोडी तपासावी

ट्रिमचे नाव तेच राहते, आतील सामान दरवर्षी बदलते. याची दोन उदाहरणे डब्ल्यूआरएक्समध्ये फार महत्त्वाची आहेत.

पहिले उदाहरण आयसाइटचे. पुढच्या काचेमागील दोन कॅमेऱ्यांच्या आधारे समोरचा अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी ही यंत्रणा २०२२ आणि २०२३ मध्ये केवळ सीव्हीटी गाड्यांत मिळत होती. २०२४ पासून ती मॅन्युअल गाड्यांतही आली. म्हणून २०२३ ची आवारात उरलेली किंवा थोडी वापरलेली मॅन्युअल प्रीमियम स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे याचे एक कारण हे असू शकते. कुटुंबातील नवशिक्या चालकाच्या हाती गाडी जाणार असेल, तर या एका गोष्टीसाठी एक वर्ष नवी गाडी घेणे मला योग्य वाटते.

दुसरे उदाहरण किमतीचे. २०२५ मध्ये सुबारूने बेस ट्रिमच काढून टाकली, आणि यादी प्रीमियमपासून, ३५,७५० डॉलरपासून, सुरू होऊ लागली. २०२६ साठी बेस परत आली, ती ३२,४९५ डॉलरला. जुन्या वर्षाचा भाव डोक्यात ठेवून डीलरशी बोलायला गेलेला ग्राहक त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुकतो: कधी त्याला विनाकारण महाग वाटते, तर कधी नवी स्वस्त ट्रिम अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते. तुलना करताना प्रत्येक आकड्याशेजारी मॉडेल वर्ष लिहावे, आणि वर्ष न लिहिलेला आकडा तुलनेत घेऊच नये.

एक तळटीप वजा सूचना. मागे पाहण्याचा कॅमेरा हा ट्रिमचा गुण म्हणून कोणी सांगितला तर त्याकडे दुर्लक्ष करावे. मे २०१८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत तो कायद्यानेच असतो.

५. नंतर काय बसवता येते आणि काय येत नाही

सर्व तुलनेत मी याच प्रश्नाला सर्वात जास्त वजन देतो. ट्रिमच्या पायरीत मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे एकच गोष्ट लिहावी: ही वस्तू नंतर वाजवी खर्चात बसवता येईल काय? ज्याचे उत्तर होय आहे, त्यासाठी वरची ट्रिम घेऊ नये. ज्याचे उत्तर नाही असे आहे, त्यासाठी आत्ताच विचार करावा.

चाके, टायर, स्पीकर, मागचा स्पॉयलर, पायाखालच्या रबरी चटया, काचेवरची फिल्म या गोष्टी केव्हाही बदलता येतात, आणि पुष्कळदा बाहेर त्या अधिक चांगल्या व स्वस्त मिळतात. ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल बदलूनही मूळ ब्रेकची क्षमता बरीच वाढवता येते. मोठे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारे भाग, बसवणे शक्य असले तरी त्याचा खर्च जास्त येतो. आसनांची गोष्ट वेगळी आहे. आधुनिक गाडीच्या पुढच्या आसनात एअरबॅग, वजन ओळखणारा संवेदक आणि गरम करणारी तार असे बरेच काही असते, त्यामुळे ती काढून दुसरी बसवणे म्हणजे सुरक्षेच्या यंत्रणेत हात घालणे होय. इलेक्ट्रॉनिक शॉक अॅब्सॉर्बरही नंतर बसत नाहीत, कारण त्यांना संवेदक, तारा आणि नियंत्रक असा संपूर्ण संच लागतो. गिअरबॉक्स, सनरूफ आणि आयसाइट यांच्याबाबत प्रश्नच उद्भवत नाही.

ही कसोटी लावली की चित्र पुष्कळ स्वच्छ होते. ज्याला शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी न्यायची आहे आणि मॅन्युअल हवी आहे, त्याला टीआरच्या ब्रेकसाठी व आसनांसाठी जादा पैसे देण्याचे कारण आहे. ज्याला फक्त गाडी टीआरसारखी दिसायला हवी आहे, त्याने प्रीमियम घेऊन पुढे कधीतरी चाके बदलावीत. मऊ-कडक होणारे सस्पेन्शन हवे असेल तर गिअरबॉक्सप्रमाणे जीटी किंवा टीएस यांच्यापैकी एक घ्यावी लागेल. तेथे बचतीची दुसरी वाट नाही.

६. टायरचा खर्च ट्रिमच्या तुलनेतच धरावा

चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी बर्फातही निर्धास्त चालेल, हा नवख्यांचा सर्वात धोक्याचा गैरसमज आहे. ऑल-व्हील ड्राइव्हमुळे गाडी जागची हलते आणि वेग घेते. थांबताना आणि वळताना मात्र उपयोगी पडते ती टायरची पकड. डब्ल्यूआरएक्स कारखान्यातून उन्हाळी टायर लावून येते. या टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि बर्फावर ते निरुपयोगी ठरते. म्हणून मिनेसोटा, मिशिगन किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात राहणाऱ्याने हिवाळी टायरचा एक पूर्ण संच, शक्यतो वेगळ्या रिमसह, पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात घालावा.

येथे ट्रिमचा थेट संबंध येतो. चाकाचा व्यास जितका मोठा तितके टायर महाग आणि त्यांची कड जितकी बुटकी तितकी खड्ड्यात रिम वाकण्याची भीती जास्त. बेसचे १७ इंची टायर आणि टीआरचे १९ इंची टायर यांच्यातील फरक गाडीच्या आयुष्यात तीन-चार वेळा मोजावा लागतो. मोठ्या ब्रेकच्या ट्रिमवर हिवाळ्यासाठी लहान रिम बसेल काय, हेही आधी विचारून घ्यावे, कारण कॅलिपर आड येऊ शकतो.

आणखी एक खर्च लपलेला असतो. चारही टायरचा घेर जवळपास सारखा असावा लागतो; सुबारूच्या सूचनेनुसार त्यात पाव इंचापेक्षा जास्त तफावत नसावी, नाहीतर मधल्या डिफरेन्शियलवर सतत ताण पडतो. अर्धवट झिजलेल्या चारांपैकी एक टायर फाटला, तर बहुधा चारही बदलावे लागतात.

७. खिडकीवरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा

अमेरिकेत विक्रीसाठी उभ्या असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर मन्रोनी स्टिकर असणे १९५८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी हा कायदा पुढे आणला म्हणून त्या कागदाला त्यांचे नाव पडले. त्यावर ट्रिमची मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तू व त्यांच्या किमती, गाडी डीलरपर्यंत पोहोचवण्याचे शुल्क म्हणजे डेस्टिनेशन चार्ज, गाडीची अंतिम जोडणी कोठे झाली हे आणि इंधनाचे आकडे असतात. डब्ल्यूआरएक्स जपानमधील गुन्मा प्रांतात बनते. जहाजाने येणाऱ्या या गाडीचा डेस्टिनेशन चार्ज २०२५ च्या मॉडेलसाठी १,१७० डॉलर होता. तो ग्राहकाचे शहर बंदरापासून किती दूर आहे यावर ठरत नाही, त्यामुळे त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. पण कंपनीच्या जाहिरातीतील मोठ्या अक्षरांतील किमतीत तो बहुधा धरलेला नसतो, एवढे लक्षात ठेवावे.

या कागदाशेजारी पुष्कळदा दुसरा कागद चिकटवलेला असतो आणि तो दिसायलाही तसाच असतो. तो डीलरचा स्वतःचा असतो. टायरमध्ये नायट्रोजन, रंगावरचा संरक्षक लेप, काचेवर कोरलेला गाडीचा क्रमांक आणि काही वेळा सरळसरळ बाजारभावातील वाढ अशा नोंदी त्यावर सापडतात. पहिल्या कागदाला कायद्याचा आधार आहे; दुसऱ्यावरची प्रत्येक ओळ ही वाटाघाटीची बाब आहे. नुकत्याच आलेल्या, कमी संख्येने मिळणाऱ्या ट्रिमवर अशी वाढ लावण्याचा मोह डीलरना जास्त होतो, आणि त्यामुळे ट्रिमच्या पायऱ्यांचे काळजीपूर्वक मांडलेले गणित एका कागदाने बिघडू शकते.

८. तुलना शेवटच्या आकड्यावर करावी

गाडी दारात आणून उभी करेपर्यंत लागणाऱ्या एकूण रकमेला येथे आउट-द-डोअर किंमत म्हणतात. दोन ट्रिमची किंवा दोन डीलरांची तुलना याच आकड्यावर करावी, एमएसआरपीवर नव्हे, आणि मासिक हप्त्यावर तर मुळीच नव्हे.

कॅलिफोर्नियातील एक हिशेब करून पाहू. २०२५ च्या प्रीमियमचे ३५,७५० आणि डेस्टिनेशनचे १,१७० मिळून ३६,९२० डॉलर होतात. विक्रीकर तेथील किमान दराने, ७.२५ टक्क्यांनी, २,६७७ डॉलर. कागदपत्रांची डॉक फी कॅलिफोर्नियात जास्तीत जास्त ८५ डॉलर घेता येते. बेरीज सुमारे ३९,७०० डॉलर होते आणि नोंदणीचे शुल्क त्याहून वेगळे. बऱ्याच शहरांत कराचा दर याहून अधिक असतो. फ्लोरिडामध्ये डॉक फीवर कमाल मर्यादाच नाही, त्यामुळे तेथे हीच ओळ काही शे डॉलरची होऊ शकते. ओरेगन, मोंटाना आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत विक्रीकर नाही. परंतु कर गाडी जेथे नोंदवली जाते तेथील लागतो, जेथे विकत घेतली तेथील नव्हे, म्हणून केवळ कर वाचवण्यासाठी शेजारच्या राज्यात जाऊन काही साधत नाही.

आता टीएस पाहू. तिची २०२५ मधील एमएसआरपी ४५,७०५ डॉलर, म्हणजे प्रीमियमपेक्षा ९,९५५ डॉलर जास्त. कर धरला की हा फरक १०,६७७ डॉलर होतो. ही जादा रक्कम पाच वर्षांच्या कर्जात ६ टक्के व्याजाने घेतली, तर महिन्याला सुमारे २०६ डॉलर आणि एकूण जवळपास १२,४०० डॉलर भरावे लागतात. टीएसचे ब्रेक, शॉक अॅब्सॉर्बर आणि आसने आपल्याला महिन्याला २०६ डॉलरची आहेत काय, असा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर लवकर सापडते. काहींसाठी ते मनापासून होय असेल, आणि त्यात गैर काही नाही.

प्रत्यक्षात हा आकडा मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे तीन-चार डीलरांना ईमेल करून, आवारातील विशिष्ट गाडीच्या क्रमांकासह, आउट-द-डोअर किमतीचा ओळीनिहाय तपशील लेखी मागणे. फोनवर सांगितलेला आकडा धरू नये. लेखी तपशील देण्यास टाळाटाळ करणारा डीलर पुढे कागदपत्रांच्या वेळी अधिक त्रास देईल, असे खुशाल समजावे.

९. कर्ज आणि विमा

अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाकडे क्रेडिटचा इतिहास, म्हणजे तेथील आधीच्या कर्जफेडीची नोंद, नसते, आणि त्यामुळे त्याला मिळणारा व्याजदर जाहिरातीतल्या दरापेक्षा बराच चढा असू शकतो. म्हणून डीलरकडे जाण्यापूर्वी आपल्या बँकेकडून किंवा क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेकडून) कर्जाची पूर्वमंजुरी घ्यावी. व्याजदर जितका जास्त, तितका वरच्या ट्रिमचा खरा भाव वाढतो. वरील हिशेब ६ टक्क्यांऐवजी आपल्या दराने पुन्हा करून पाहावा.

विम्याचे कोटेशन गाडी पसंत केल्यानंतर नव्हे, तर ट्रिम ठरवण्याआधी घ्यावे. टर्बो असलेल्या, वेगासाठी ओळखल्या जाणाऱ्या गाडीवर, त्यातही अमेरिकी परवाना नवा असलेल्या किंवा तरुण चालकाला, विमा महाग पडतो. कर्ज देणारी संस्था आपल्या गाडीच्या नुकसानीचा पूर्ण विमा मागतेच, त्यामुळे केवळ किमान कायदेशीर विम्यावर भागत नाही.

१०. दोन ट्रिम एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवाव्यात

येथपर्यंत यादीत दोनच ट्रिम उरलेल्या असाव्यात. त्या दोन्ही लागोपाठ चालवाव्यात, आणि मार्गात एखादा खराब रस्ता, महामार्गाचा थोडा भाग आणि गाडी उभी करण्याची अरुंद जागा असावी. रेकारोच्या आसनांच्या कडा उंच असतात. रुंद बांध्याच्या माणसाला त्या टोचतात आणि वारंवार उतरावे लागणाऱ्याला त्रासदायक होतात, म्हणून त्यात निदान वीस मिनिटे बसून पाहावे. लहान मूल असेल तर त्याची सीट सोबत नेऊन मागे बसवून पाहावी. महामार्गावर टायरचा आवाज ऐकावा, कारण १९ इंची चाकांवर तो जास्त जाणवतो. जीटी किंवा टीएस असेल तर खराब रस्त्यावर कम्फर्ट आणि स्पोर्ट हे दोन्ही मोड लावून पाहावेत. फरक जाणवला नाही, तर त्या फरकाचे पैसे देऊ नयेत.

या किमतीच्या आसपास ऑल-व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि सेडान या तिन्ही गोष्टी नव्या गाडीत एकत्र देणारा दुसरा पर्याय अमेरिकेत नाही. पण यातील एक अट सोडायची तयारी असेल, तर त्याच आठवड्यात आणखी एखादी गाडी चालवून पाहावी. मॅन्युअलची अट नसेल तर टर्बो इंजिनाची माझदा ३ शांत आणि घरगुती आहे. ऑल-व्हील ड्राइव्हची अट नसेल तर ह्युंदाई इलांट्रा एन पुढच्या चाकांवरही मोठी गंमत देते. डब्ल्यूआरएक्सची वरची ट्रिम घ्यावी की नाही हे ठरवताना, तेवढ्याच पैशांत दुसरे काय येते हे ठाऊक असणे केव्हाही चांगले.

११. ताबा घेताना

कागदपत्रांवर सही करण्यापूर्वी गाडीवरचा सतरा अक्षरी क्रमांक, स्टिकरवरचा क्रमांक आणि करारातील क्रमांक जुळवून पाहावेत, आणि करारातील ट्रिमचे नाव व एकूण रक्कम ईमेलमधील तपशिलाशी ताडून घ्यावी. वित्त विभागाच्या खोलीत वाढीव वॉरंटी आणि देखभालीचे करार पुढे केले जातात. सुबारूची मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा ३६,००० मैल आणि इंजिन-गिअरबॉक्ससाठी ५ वर्षे किंवा ६०,००० मैल असते, त्यामुळे तेथे घाईने काही घेण्याची गरज नसते. दोन्ही किल्ल्या मिळाल्या काय, चारही टायर एकाच जातीचे आहेत काय आणि रिमवर ओरखडे नाहीत ना, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. त्यानंतर पहिले १,००० मैल इंजिन ४,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नये, असे गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका सांगते, आणि ही सूचना बेसला जितकी लागू आहे तितकीच टीएसलाही.